लाल कांदा, प्रयत्न दुसरा (माना पडायची, म्हणजे पात कांद्याच्या वर वाकून आडवी व्हायची वाट बघतोय)

ज्यांना माझा मागच्या वर्षीचा कांदा आठवतोय, निम्मे डेंगळे (कांदा धरायच्या ऐवजी फुलाचा दांडा) आणि उरलेले जोड (एकात दोन कांदे), त्यांनी हसून घ्या, पण चूक कुठे झाली ते आता कळलंय. दुकानात 'लाल कांद्याचं बी द्या' म्हणालो, त्यांनी एन-५३ दिलं आणि मी ते खुशाल डिसेंबरात लावलं. अहो मला रंग म्हणायचा होता! आपल्याकडे लाल म्हणजे पावसाळ्यात लावायचा, थंडीत लावतात तो उन्हाळी, मग तो दिसायला कितीका लाल असेना. एन-५३ खरिपाचं वाण, थंडीत लावलं की दांडे काढून मोकळं.

यंदा भीमा शक्ती आणलं, राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधनवाल्यांचं, लालही आहे आणि रब्बीला चालतं. २८ ऑक्टोबरला ओळीत बी टाकून वर चाळलेलं शेणखत भुरभुरवलं, आठव्या दिवशी कोंब. ते सरळ येतच नाहीत, कंबरेत वाकून आधी पाठ बाहेर काढतात आणि मग उभे राहिले की टोकाला बियाचं काळं टरफल टोपीसारखं लटकत असतं, मी रोज चहा घेऊन तिथेच. घरात दोन वर्षं पडून असलेलं पांढऱ्या कांद्याचं बी पण एका कुंडीत टाकलेलं, चिमूटभरातून तीन उगवले, तेव्हा जुनं बी ठेवूच नका.

१८ डिसेंबरला पातीचा शेंडा तिसरा हिस्सा छाटून लागवड. ४ बाय ६ फुटांचा वाफा, १५ बाय १० सेंमीवर १४० रोपं बसली. पहिल्या दोन ओळी जरा खोल गेल्या त्या अजून पेन्सिलीएवढ्याच जाड, बाकीची जेमतेम मुळं झाकून लावलेली तर तिथे कांदा निम्मा मातीबाहेर आलाय आणि साल अशी चकचकीत लालभडक की बस. जानेवारीअखेर फुलकिड्यांनी पातीवर पांढरे चट्टे पाडले, दर आठवड्याला निंबोळी अर्क मारून कसंबसं आवरलं.

आज २० मार्च, १२१ शिल्लक, डेंगळे फक्त चार. तसे १२२ होते पण आईने परवा भाकरीबरोबर एक उपटून खाल्ला, म्हणते तिखट आहे हो चांगला.

निम्म्या माना पडल्या की काढणार. पाणी आधी १०-१५ दिवस तोडायचं म्हणतात, पण माझी माती काळी, भेगा पडते, काळ्या मातीवाले तुम्ही कधी तोडता?