कॉइल लाँचर: करंट वेळेत बंद होणं महत्त्वाचं

इंजिनीअरिंगच्या प्रोजेक्टसाठी आमच्या टीमने तीन कॉइलचा लाँचर बांधला. त्यात कॉइलमधून क्षणभर करंट सोडून तिच्या चुंबकत्वाने लोखंडी तुकडा नळीतून पुढे फेकतात. व्होल्टेज मुद्दाम 48 ठेवलं. तत्त्व समजायला तेवढं भरपूर आहे, आणि कॉलेजच्या टेबलावर 400 व्होल्टची कपॅसिटर बँक नसलेलीच बरी.

प्रत्येक कॉइलला 4700 मायक्रोफॅरड, 63 व्होल्टचा कपॅसिटर. त्यात साधारण 5.4 ज्यूल साठतात. अशा रचनेत त्यातले जेमतेम एक टक्का गतीत उतरतात, म्हणजे 12 ग्रॅमच्या स्लगला (फेकायच्या लोखंडी तुकड्याला) पहिल्या कॉइलमधून सेकंदाला 3 मीटरच्या आसपास वेग. स्लग 8 मि.मी. जाडीच्या एम.एस. (माइल्ड स्टील) रॉडचा, 30 मि.मी. लांब, कॉइलही तेवढीच लांब. नळी अ‍ॅक्रिलिकची, बाहेरून 12 मि.मी. धातूची नळी नको, तिच्यात भोवरा प्रवाह तयार होऊन ऊर्जा वाया जाते.

वायर निवडताना 18 गेजची जाड वायर घ्यावीशी वाटते. पण तिच्या 90 वेढ्यांचा रोध 0.1 ओहमसुद्धा भरत नाही. करंट शेकडो अँपिअरवर जातो, मॉसफेट (करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) उडतो आणि स्लग हलायच्या आत पल्स संपतो. 24 गेजचे आठ थर, सुमारे 380 वेढे घातले की रोध 1.4 ओहमच्या आसपास येतो. करंट 34 अँपिअरच्या आत राहतो आणि पल्स काही मिलिसेकंद टिकते. थरांमध्ये शॉर्ट होऊ नये म्हणून दर दोन थरांनंतर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारा इन्सुलेशन टेप) लावावा. 1903 मध्ये नॉर्वेत भौतिकशास्त्रज्ञ बिर्केलांड यांच्या विद्युत तोफेचं जाहीर प्रात्यक्षिक शॉर्ट सर्किटनेच फसलं होतं.

स्विच म्हणून आयआरएफपी260एन हा मॉसफेट. त्याच्या गेटला (चालू-बंद करणाऱ्या टोकाला) आर्डुइनो या कंट्रोलर बोर्डाचे 5 व्होल्ट पुरत नाहीत. अर्धवट उघडलेला मॉसफेट तापून जातो. मध्ये टीसी4420 ड्रायव्हर आणि 12 व्होल्ट हवेतच.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो करंट बंद करण्याचा क्षण. स्लगचा मध्य कॉइलच्या मध्यापुढे गेल्यावरही करंट चालू असेल, तर तीच कॉइल त्याला मागे ओढते. स्विच बंद झाल्यावर कॉइलच्या करंटला वाट देणारा नुसता फ्रीव्हील डायोड लावला तर करंट रेंगाळतो, कारण लोखंड आत असताना इंडक्टन्स (करंटमधल्या बदलाला कॉइलचा विरोध) वाढलेला असतो. डायोडच्या सिरीजमध्ये 2.2 ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर टाका. रेंगाळणाऱ्या करंटची ही शेपटी निम्म्याहून कमी होते. मॉसफेटवर क्षणभर 120 व्होल्टच्या आसपास येतात, म्हणून तो 200 व्होल्टचाच हवा. हे डोळ्यांनी पाहायचं तर 0.01 ओहमचा शंट (करंट मोजायचा छोटा रेझिस्टर) लावून ऑसिलोस्कोपवर बघा: 0.3 व्होल्टच्या आसपासचं शिखर आणि मागची उतरण. ती उतरण संपायच्या आत स्लग मध्य ओलांडत असेल तर बंद करायची वेळ आणखी अलीकडे आणावी. पुढच्या कॉइलमध्ये स्लग वेगाने येतो, म्हणून तिथे पल्स आखूड ठेवावी आणि थरही कमी घ्यावेत.

स्लग आल्याचं ओळखणारा इन्फ्रारेड सेन्सर ट्यूबलाइटच्या उजेडात 100 हर्ट्झला खोटे ट्रिगर देतो. सेन्सरवर काळी नळी आणि एलएम393 कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप) यांनी ते थांबतं.

चार्जिंग 100 ओहममधून. प्रत्येक कपॅसिटरवर 1 किलोओहम, 5 वॅटचा ब्लीडर (उरलेला चार्ज उतरवणारा रेझिस्टर) कायम जोडलेला. 48 व्होल्ट उतरायला सुमारे 25 सेकंद लागतात. तरीही हात लावण्याआधी मल्टिमीटर लावाच, आणि नळीच्या तोंडासमोर कापडाने भरलेली लाकडी पेटी ठेवल्याशिवाय चार्जिंगचं बटण दाबू नका.