ओल्या गोव्यात कोरडं खत: मार्च ते दिवाळी

मागच्या नोंदीत घरच्या ओल्या कचऱ्याचं खत करायच्या बादल्यांची मांडणी सांगितली होती. रंगाच्या २० लिटरच्या जुन्या बादल्या, तळाला आणि बाजूंना भोकं, खाली विटा, वर झाकण. विकत काही घेतलं नाही. त्यानंतर अख्खा पावसाळा गेला, म्हणून ही लांबलेली नोंद.

घर फोंडा तालुक्यात. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. घाटावरच्या मंडळींचे प्रयोग वाचूनच मी हे शिकले, पण त्यांचा अर्धा वेळ खत सुकू नये म्हणून पाणी शिंपडण्यात जातो. आमचा सगळा वेळ ते सुकवण्यात.

मार्च

पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, यादी काढली: चिंच, मिरच्या, मीठ, सुके बांगडे, गालमो (बारीक सुकी कोळंबी). यंदा तिच्यात सुक्या पाल्याची पोती घातली. सासूबाई म्हणाल्या, "पाल्याचं कसलं गो पुरुमेंत?" पण जुलैत कोरडं पान शोधून बघा म्हणजे कळेल. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात कर्ब-नत्राचं (कार्बन-नायट्रोजनचं) प्रमाण साधारण १५ ते २० ला १ असतं, आणि ढिगाला हवं २५ ते ३०. ही तूट सुका पाला भरून काढतो, वर ओलही शोषतो. लोक मार्चमध्ये तोच पाला अंगणात जाळतात आणि संध्याकाळभर खोकतात. मी शेजाऱ्यांचाही गोळा करून आणला. आनंदाने दिला त्यांनी.

सगळा पाला सारखा नसतो. आंबा, काजू, आकेशिया यांची पानं चिवट, लवकर कुजत नाहीत. ती पायाखाली चुरडून भरली. गिरिपुष्पाचा पाला झटकन विरघळतो, पण त्यात नत्र जास्त. तो ओल्या कचऱ्यातच धरायचा, सुक्यात नाही. पोती पडवीत, जमिनीपासून उंच फळीवर ठेवली.

मे

भिरंडांचा, म्हणजे कोकमांचा, महिना. सालींची सोलं, रसाचं आगळ, बिया भिरंडेलासाठी (कोकमाच्या तेलासाठी) वाळत. बादलीपर्यंत फार काही पोचलंच नाही.

जून-जुलै

खरी परीक्षा इथे. उन्हाळ्यात एक माप ओला कचरा, एक माप पाला पुरतो. पावसात पाला दुप्पट घेतला. मुठीत दाबून एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर आणखी पाला. आंबूस वास म्हणजे आत हवा नाही, तेव्हा खालीवर करायचं. औषधं, पावडरी, "कल्चर" यांतलं काही लागलं नाही. मूठभर जुनं खत विरजणासारखं घातलं की पुरे.

मध्येच बादलीत जाड, मळकट पांढऱ्या अळ्या वळवळायला लागल्या आणि घरात आरडाओरडा झाला. या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या. कचरा भराभर खातात, आणि त्यांची मोठी माशी घरमाशीसारखी जेवणावर येऊन बसत नाही. राहू दिल्या. मोठ्या झाल्यावर काळपट होऊन त्या आपणच बाहेर सरपटतात. शेजारच्या कोंबड्यांना त्याची वेळ पाठ झाली आहे.

आरोग्याच्या दोन गोष्टी मात्र कटाक्षाने. झाकणावर, बश्यांत, करवंट्यांत पाणी साचू द्यायचं नाही, आठवड्याभरात डासांची नवी पिढी तयार होते. आणि उंदीर. उरलेला भात उघड्यावर पडला की ते येतात, आणि त्यांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) पसरतो. भोकांवर आतून बारीक जाळी लावली. चिखलात अनवाणी काम बंद, हाताला खरचटलं असेल तर हातमोजे.

श्रावण आणि चवथ

श्रावणात आमच्याकडे मासळी बंद, भाज्यांच्या देठा-सालींचा पूर. चवथीनंतर माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळा-पानांची आरास, उतरली. चिबूड, तवशी (काकड्या) आधी पोटात, साली मग बादलीत. सुपारीची आणि नारळाची सोडणं बादलीत घालू नका, वर्षभर तशीच राहतात. ती झाडांच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून पसरली.

तोरिंजनाच्या (लिंबाच्या जातीच्या मोठ्या फळाच्या) जाड सालींचं फरशी पुसायचं पाणी घातलं: १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम साली, १ लिटर पाणी, प्लास्टिकच्या बाटलीत तीन महिने. पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू सोडायचा. हे पाणी आंबट असतं, म्हणून ब्लीचमध्ये कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन सुटतो. कडप्प्याच्या ओट्यावरही नको. तो चुनखडीचा दगड, चकाकी जाते. याला जंतुनाशक म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मळ निघतो, तेवढं मला पुरतं.

मासळीचा कचरा

यावर सगळ्यात जास्त विचारणा होते. बहुतेक पुस्तकी सल्ला एका ओळीत संपतो: घालू नका. गोव्यात हे सांगून कसं चालेल? १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात तेवढीच उसंत. ऑगस्टपासून पुन्हा खवले, डोकी, सुंगटांची (कोळंबीची) सालं.

बादलीत मीही घालत नाही, मांजरं झाकण उडवतात. माडाच्या बुंध्यापासून पाच-सहा फुटांवर चर खणते, दीड फूट खोल. माडाची खाणारी मुळं त्याच घेरात असतात. चरात मासळीचा कचरा, वर जाड थर सुक्या पाल्याचा, मग माती दाबून वर एक चिरा (जांभ्या दगडाचा ठोकळा). चिरा हवाच, नाहीतर कुत्री रात्रीत उकरून काढतात. राख किंवा चुना वर घालायची जुनी सवय मात्र सोडली. त्याने अमोनिया उडून जातो, म्हणजे ज्या नत्रासाठी हा खटाटोप तेच हवेत. चर विहिरीपासून लांब, आणि विहिरीपेक्षा उताराच्या खालच्या बाजूला. मासे धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, ते तर आमच्या आजीपासून चालत आलेलं.

तिसऱ्यांच्या शिंपल्या वेगळ्या साठवते. चुलीच्या निखाऱ्यावर भाजल्या की ठिसूळ होतात, मग कुटून मातीत. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी, तिला हा चुना मानवतो. फक्त थोडाथोडा, आणि ताज्या खतात मिसळून नाही.

दिवाळीनंतर

पहिल्या बादल्या चाळल्या. काळं, भुसभुशीत, पावसानंतरच्या मातीचा वास. चाळणीवर उरलेले काजूच्या पानांचे तुकडे आणि आंब्याच्या बाठी पुन्हा नव्या बादलीत. खत तांबड्या भाजीच्या आणि मुळ्याच्या वाफ्यांत गेलं, थोडं सात शिरांच्या भेंडीसाठी राखून ठेवलंय. वाल आणि अळसांद्यांना दिलं नाही. ती कडधान्यं, मुळांवरच्या गाठींत आपलं नत्र आपण धरतात.

पाल्याची पोती ऑगस्टअखेर संपत आली होती, शेवटी जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे घालून निभावलं. येत्या मार्चमध्ये दुप्पट भरणार. कुळागरवाल्यांपैकी (पोफळीच्या बागा असणाऱ्यांपैकी) कोणी पोफळीच्या झावळ्या बारीक करून वापरल्या असतील तर सांगा: कोयत्याने जमतं, की यंत्रच लागतं?