पस्तीस गुंठे

आज दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन आले. हक्कसोडपत्रासाठी. दादाने स्टॅम्प, साक्षीदार, सगळं तयार ठेवलं होतं; मी फक्त फोटो काढून अंगठा टेकवायचा होता.

अण्णांच्या मागे सातबाऱ्यावर आई, दादा, ताई आणि मी. साडेतीन एकर, म्हणजे १४० गुंठे. माझ्या वाट्याचे ३५. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क २००५ पासून देशभर आहे. आपल्या महाराष्ट्रात तर तेव्हा लग्न न झालेल्या मुलींसाठी १९९४ पासूनच. पण 'माहेर तुटेल' हे वाक्य कुठल्याच कायद्यात नाही, आणि चालतं मात्र तेच.

अण्णा वाईट नव्हते हो. दादाच्या इंजिनिअरिंगला विहिरीशेजारचा तुकडा विकला. मी बीएड करते म्हटलं तेव्हा "तुझ्या लग्नाला लागतील ना पैसे" म्हणाले. लागलेही. त्या मांडवाचा हिशेब दादा अजून तोंडपाठ सांगतो, इंजिनिअरिंगचा कुणीच सांगत नाही. लहानपणी आंब्याच्या फोडी दादाला आणि कोय आम्हा दोघींना, हेही तसंच. (कोयीला गर जास्त असतो, अशी आम्ही आपली समजूत काढायचो.)

ताईने मागच्याच महिन्यात सही केली. मी आज कागद पूर्ण वाचला. 'स्वखुशीने, विनामोबदला'. म्हटलं, दादा, आज नको.

तो चहा न घेताच निघाला. आईने गाडीत नेहमीसारखी ज्वारी भरली. घरी येऊन मोजली तर दोन पायल्या जास्त.