पारा शून्याभोवती घुटमळतो तो आठवडा

डोंगरातल्या शहरात हिवाळा काढायचा म्हटलं की लोकांना आधी कडाक्याच्या थंडीची धास्ती वाटते. माझा अनुभव उलटा आहे. सलग उणे १५ अंश असेल तर निभतं: बर्फ भुसभुशीत, रस्ते कोरडे, जे गोठायचं ते गोठून गप्प बसलेलं. कस लागतो तो दुपारी पारा शून्याच्या वर आणि रात्री खाली जातो तेव्हा. म्हणून हवामानाचा अंदाज बघताना मी किमान तापमानाआधी एक गोष्ट मोजते: सात दिवसांत पारा किती वेळा शून्य ओलांडणार.

आठवड्याची सुरुवात बहुधा शांत असते. आकाश निरभ्र, वारा पडलेला. रात्री उतारावरची थंड, जड हवा खाली सरकून शहराच्या खोलगटात साचते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. वरच्या वस्त्या तेव्हा खालच्यांपेक्षा चक्क उबदार असतात. धूरही त्याच झाकणाखाली कोंडतो, म्हणून खिडक्या सकाळी न उघडता दुपारी दहा मिनिटं सताड उघडायच्या. घरात जाळाची शेगडी किंवा गॅसचा हीटर असेल तर मात्र वेळ न पाहता हवा खेळती ठेवायची. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास.

मग एखाद्या दिवशी कोरडा, ऊबदार वारा सुटतो. डोंगर चढताना हवेतलं बाष्प पलीकडेच बरसून जातं आणि उतरताना ती कोरडी हवा दर किलोमीटरला जवळजवळ १० अंशांनी तापते. रॉकी पर्वतात या वाऱ्याला चिनूक म्हणतात. २२ जानेवारी १९४३ला अमेरिकेत साउथ डकोटातल्या स्पीअरफिश गावी त्याने दोन मिनिटांत पारा उणे २० वरून ७ अंशांवर नेला होता. एवढं नाट्य रोज घडत नाही, पण स्वेटर काढून उन्हात बसायचा मोह होतोच. तो आवरायचा, कारण कामाचा दिवस हाच.

दुपारी बर्फ मऊ असताना पायवाट जमिनीपर्यंत खरवडायची आणि गटाराच्या जाळीचं तोंड मोकळं करायचं. पाणी वाहून गेलं तर ठीक. साचलं तर सूर्य कलल्यावर त्याचाच पारदर्शक थर होतो, ज्याला सगळे ब्लॅक आइस म्हणतात. मीठ टाकायचं ते गोठण्याआधी, संध्याकाळी. चौरस मीटरला जेमतेम मूठभर पुरतं. ढीग घातल्याने लवकर वितळत नाही, झाडं आणि फरशी तेवढी खराब होते. साधं मीठ साधारण उणे ९ पर्यंतच कामाचं. त्याखाली बर्फ वितळवायचा नाद सोडून वाळू पसरायची, निदान पाय तरी धरतो.

ब्लॅक आइस ओळखायची खूण: रस्ता ओला दिसतोय, पण पुढच्या गाडीच्या चाकांमागे तुषार उडत नाहीत. तो ओलावा नव्हे, बर्फ. पूल आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही थंड हवा लागते. पायी चालताना पावलं आखूड, पूर्ण तळवा टेकवून, आणि हात खिशाबाहेर.

वारा फिरला, ढग खाली आले की रात्रीची तयारी. वायपर उचलून ठेवायचे. दाराचे रबर कोरडे पुसायचे, नाहीतर सकाळी दार उघडताना रबर फाटून हातात येतो. सपाट जागी हँडब्रेकऐवजी गाडी गिअरमध्ये ठेवायची, कारण ओला ब्रेक गोठून चिकटतो. टायरची हवा पारा पाच-सहा अंश उतरला की साधारण एक पीएसआय कमी होते. ऊबदार दुपारी भरलेली हवा पहाटे पुरी पडत नाही. काचेवर गरम पाणी कधीच नाही, तडा जातो. इंजिन सुरू करण्याआधी सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढायचा.

पडलेल्या बर्फाचं वजन डोळ्यांना कळत नाही. कोरडा ताजा बर्फ ३० सेंटिमीटर साचला तर चौरस मीटरला वीस-तीस किलो. तेवढाच ओला असेल तर नव्वदच्या घरात. कोरडा उचलून फेकता येतो, ओला ढकलायचा. पाठ धरते ती बहुतेकदा ओल्याला कोरडा समजल्यामुळे.

पाइपांचं सगळ्यात जपावं लागतं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, पण पाइप बहुधा नुसत्या फुगण्याने फुटत नाही. गोठलेला गोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढतो आणि सांधा जातो. म्हणून बाहेरच्या भिंतीलगतचा नळ रात्रभर बारीक धारेत सोडायचा, सिंकखालच्या कपाटाचं दार उघडं ठेवायचं. तरीही गोठलाच तर नळ उघडा ठेवून नळाच्या टोकाकडून मागे मागे हेअर ड्रायरने शेकत जायचं, म्हणजे वितळलेल्या पाण्याला वाट मिळते. पेटती ज्योत पाइपाजवळ न्यायची नाही.

फुटलेला पाइप गोठलेला असेपर्यंत गळत नाही. थंडी ओसरल्यावर, सगळे निर्धास्त असताना, पाणी भिंतीतून येतं. शंका असेल तर मेन व्हॉल्व्ह आधीच बंद करायचा, आणि वितळल्यावर पाव फेरा उघडून प्रत्येक सांध्यावर कोरडा टिश्यू फिरवायचा. टिश्यू कोरडा राहिला तरच पुढचा पाव फेरा.