काशीची पंचक्रोशी पायी: टप्पे, मुक्काम आणि तयारी

काशीची पंचक्रोशी, म्हणजे काशी क्षेत्राची प्रदक्षिणा, मणिकर्णिका घाटावर सुरू होते आणि तिथेच संपते. पाच मुक्काम, वाटेत १०८ देवस्थानं, एकूण २५ कोस, म्हणजे साधारण ८० किलोमीटर. पण टप्पे सारखे नाहीत, आणि नियोजन चुकतं ते इथेच. कोसांचा जुना हिशोब असा: मणिकर्णिका ते कर्दमेश्वर ३, पुढे भीमचंडी ५, रामेश्वर ७, शिवपूर ४, कपिलधारा ३ आणि परत मणिकर्णिका ३.

विश्वनाथाचं दर्शन आणि यात्रेचा संकल्प आदल्या दिवशी किंवा पहाटेच करावा. विश्वनाथ मंदिरात मोबाइल नेता येत नाही, लॉकरच्या रांगेत वेळ जातो, आणि उशीर झाला की पहिलाच टप्पा उन्हात चालावा लागतो. मणिकर्णिकेवरून अस्सी घाटापर्यंत घाटांनी चालत किंवा नावेने जातात. पावसाळ्यात गंगा चढली की घाट बुडतात, नावा बंद होतात आणि गल्ल्यांतून जावं लागतं.

कर्दमेश्वराचं देऊळ घाई न करता पाहा. काशीत इतकं जुनं, उभं राहिलेलं देऊळ क्वचितच सापडेल. सगळ्या वाटेवर देवस्थानं उजव्या हाताला येतात, धर्मशाळा बहुधा डावीकडे. म्हणून उजवीकडे लक्ष ठेवून चाला. शेंदूर लावलेले लहान विनायक आणि भैरव घरांच्या भिंतींत, झाडाखाली असतात, गप्पांच्या नादात सहज सुटतात. शौचाला मात्र डावीकडे, क्षेत्राबाहेर जायचं, हा नियम आजही पाळतात.

भीमचंडी ते रामेश्वर हा यात्रेचा कस. २० किलोमीटरच्या वर अंतर, रस्ता डांबरी, सावली तुटक. पहाटे तीन-साडेतीनला निघालात तर ऊन चढायच्या आत बरंचसं अंतर कापून होतं. पायाला फोड येतात ते याच दिवशी, कारण अनवाणी चालणाऱ्यांचे तळवे तापलेल्या डांबरावर भाजतात. अनवाणी चालण्याचा नेम असेल तर दुपारी थांबाच. रामेश्वरला वरुणा नदीच्या काठी विसावा चांगला मिळतो. जमलं तर इथे अर्धा दिवस जास्त ठेवावा.

पंढरीच्या वारीची सवय असणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी: इथे दिंडीचा ट्रक नाही, ओझं आपल्याच खांद्यावर. दोन जोड कपडे, चादर, कुलूप, विजेरी, सुटे पैसे, पूजेला अक्षता, एवढंच पुरे. धर्मशाळेत बहुधा मोकळी फरशी मिळते. जास्त सामान असेल तर ई-रिक्षाने पुढच्या मुक्कामी धाडता येतं. कांदा-लसूण टाळतात, तेव्हा चणे, गूळ, सत्तू जवळ ठेवा.

शिवपूर आता शहरातच आलं आहे. पुढे चौकांत वाट चुकते. तिथे 'पंचकोसी रोड' असं विचारावं.

अधिक महिन्यात गर्दी फार, धर्मशाळा लवकर भरतात. महाशिवरात्रीला अनेकजण हीच फेरी एका दिवसात करतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने ते करू नये, कारण चालणं होतं आणि दर्शनं राहून जातात. तिकडचं पंचांग पौर्णिमान्त आहे, म्हणजे महिना पौर्णिमेला संपतो. आपल्या वद्य पक्षाला तिथे पुढच्या महिन्याचं नाव असतं, त्यामुळे तिथीबरोबर इंग्रजी तारीखही विचारून घ्या.

कपिलधारेपासून वाटेवर जव टाकत येतात. ते आधीच घेऊन ठेवा आणि शेवटपर्यंत पुरतील असे मूठमूठ टाका. वरुणा-संगमावर आदिकेशवाचं दर्शन, मग घाटांनी मणिकर्णिका. त्यानंतर विश्वनाथ आणि साक्षी विनायक. यात्रेची साक्ष तिथे नोंदवली जाते, म्हणून परतीची गाडी त्याच संध्याकाळची काढू नये.