५.३ की ६.२? भाच्याच्या बोटीचं इंजिन

रविवारी सकाळी सहालाच अमेरिकेतल्या रेनोहून भाच्याचा व्हिडिओ कॉल. तिकडं शनिवारची संध्याकाळ. पोरगं एवढं खुशीत की कसे आहात वगैरे काही नाही, थेट "मामा, बोट फायनल केली, आता इंजिन कुठलं टाकायचं तेवढं तुम्ही सांगा."

माझं साताऱ्यात इंजिन बोरिंगचं वर्कशॉप आहे, २६ वर्षं झाली, ट्रॅक्टर, जीप, पंपसेट सगळं येतं, त्यामुळं नात्यात कुणालाही काहीही इंजिनवालं घ्यायचं असलं की फोन मलाच. पण वेकबोर्डची बोट पहिल्यांदाच. म्हणलं चार दिवस दे, नीट बघून सांगतो, उगं तोंडाला येईल ते सांगणार नाही.

आधी थोडक्यात, हे काय असतं. वेकबोर्डिंग म्हणजे पाय फळीला पट्ट्यानं बांधलेले, हातात दोरी, आणि बोट ताशी ३२ ते ३८ किलोमीटरनं ओढते. वेकसर्फिंगमध्ये स्पीड त्याच्या निम्मं, १६ ते १९, आणि एकदा लाटेवर बसलं की दोरी सोडून द्यायची, बोटीमागं जी लाट उठते तिच्यावरच माणूस चालतो. ती लाट मोठी पाहिजे तर बोट जड पाहिजे, म्हणून बोटीतल्या टाक्यांमध्ये तळ्याचंच पाणी भरतात, त्याला बॅलास्ट म्हणतात. भाच्याची बोट २३ फुटी, रिकामी दोन-अडीच टन, त्यात दीड टन पाणी, त्यात दहा माणसं आणि टाकीत पेट्रोल. पाच टनाच्या घरात गेलं सगळं.

भाच्याचं म्हणणं असं की मामा आम्ही जास्त करून सर्फिंगच करणार, स्पीड तर सायकलएवढं, मग लहान इंजिन बास की. हीच चूक बरेच जण करतात आणि मला ती मनापासून खोडायची होती. बोट वेगात आली की पाण्यावर उचलली जाते, तळ पाण्यावर घसरायला लागतो आणि इंजिनला श्वास घ्यायला जागा मिळते. सर्फिंगच्या स्पीडला ती धड बसलेलीही नसते आणि उचललेलीही नसते, मागचा भाग खोल आणि नाक वर, आणि तशाच अवस्थेत तासभर पाणी ढकलत राहायचं. आपल्याकडं उसाच्या दोन ट्रॉल्या भरून ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर आला की आरामात गाणी वाजवत जातो, पण फडातनं, चिखलातनं, बांध चढून त्या बाहेर काढताना काय होतं ते ज्यानं बघितलंय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल, तिथं स्पीड पाच पण नसतं आणि धूर मात्र काळा. वेकसर्फिंग म्हणजे दिवसभर फडातनं ट्रॉली काढणं.

आणि कमी इंजिनाचं मला स्वतःला कळलंय, त्यामुळं जरा पोटतिडकीनं बोलतो. २०१३ साली मी आणि एका मित्रानं कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी बामणोलीत भागीत एक बोट घेतली होती, सेकंडहँड, वासोट्याला पर्यटक सोडायला. विकणारा म्हणला एवढ्या बोटीला एवढं इंजिन बास. सकाळी पाणी शांत असताना बास होतंच! पण दुपारनंतर शिवसागरावर समोरनं वारा सुटला की अकरा माणसं घेऊन परत येताना फुल थ्रॉटल ठेवूनही किनारा जवळ येईना, आणि एका शनिवारी अर्ध्यातच इंजिन तापून बंद. एक बाई लहान बाळाला पदराखाली धरून बसलेली, बाकी सगळे माझ्याकडं बघतायत, आणि मी उघड्या इंजिनावर ओंजळीनं पाणी ओततोय. दीड तासानं दुसऱ्या बोटीनं ओढत आणलं. त्या दिवसापासून इंजिन बघताना मी एकच प्रश्न विचारतो, सगळ्यात वाईट दिवशी याच्यावर किती लोड येणार.

आता खरी मजा. भाच्यापुढं दोन पर्याय होते, दोन्ही व्ही८, दोन्ही मूळ शेवरलेच्या घरातले, बोटीसाठी बदल केलेले. एक ५.३ लिटर, साडेतीनशे एचपीच्या आसपास, दुसरं ६.२ लिटर, सव्वाचारशेच्या वर. बोरिंगवाला माणूस, मी आधी बोअर-स्ट्रोक काढला, म्हणजे सिलिंडर किती रुंद आणि पिस्टन वर-खाली किती सरकतो. ५.३ चा बोअर ९६ मिलिमीटर, ६.२ चा १०३.२५. आणि स्ट्रोक? दोन्हीचा ९२! म्हणजे बाहेरनं जवळपास तेच धूड, फक्त सिलिंडर सव्वासात मिलिमीटरनं मोठा. हे वाचून मी खुर्चीतनं उठलो, कारण वजन फारसं वाढत नाही, जागा तेवढीच लागते, आणि ताकद वाढते ती पिस्टनच्या तोंडाच्या क्षेत्रफळामुळं, ते साधारण १६ टक्के जास्त. टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, वाढायचा याच्यासारखा सरळ रस्ता नाही.

मग भाच्याला विचारलं, बोट चालवणार कुठं? म्हणला ताहोला. लेक ताहोची उंची ६२२५ फूट. रेनो शहरच आपल्या महाबळेश्वराएवढं उंच आहे, आणि ताहो आपल्या कळसूबाईपेक्षा आठशे फूट वर. हवा विरळ, आणि टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटाला साधारण ३ टक्के ताकद गमावतं. सहा हजार सव्वादोनशेला म्हणजे १८-१९ टक्के गेले. पसरणी घाट चढून पाचगणीत आल्यावर जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या जशा जरा मंद व्हायच्या तसंच, फक्त इथं अजून वर. आता जोडून बघा. खाली समुद्रसपाटीला जे काम ५.३ करतं तेच काम ताहोवर करायला ६.२ लागतं, उंचीनं जेवढं खाल्लं जवळपास तेवढंच मोठा बोअर परत देतो. ५.३ वर नेलं तर हातात तीनशेच्याही खाली राहतंय आणि मागं पाच टन. मी भाच्याला म्हणलं, तू मोठं इंजिन घेत नाहीयेस, तू बरोबरचं इंजिन घेतोयस.

सुपरचार्जरवालं, म्हणजे हवा दाबून आत भरणारं, तिसरं पण होतं, ६.२ च, पण ५५०-६०० च्या पुढं. ते मी बाजूला ठेवायला लावलं. फार महाग, वरच्या ऑक्टेनचं पेट्रोल मागणार, आणि पोरांना घेऊन लाटेवर खेळायला त्याची गरज नाही.

तेलाचा प्रश्न ताईनं काढला, मागनं ओरडली, "अरे पण पेट्रोल किती पिणार ते!" ताई, एवढी जड बोट सर्फिंगला तासाला वीस लिटरच्या आसपास जाळणार, दोन्हीतलं कुठलंही इंजिन असू दे. काम तेवढंच आहे, लहान इंजिन ते जास्त फेऱ्यांनी आणि जास्त रडून करतं.

पण इंजिनापेक्षा मी जास्त वेळ घालवला तो पंख्यावर, म्हणजे प्रोपेलरवर, आणि याबद्दल लोक का बोलत नाहीत कळत नाही. पंख्याला दोन आकडे असतात, पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचात. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा पाण्यात किती पुढं सरकायला बघतो, ट्रॅक्टरच्या गिअरसारखंच आहे ते. जड बोट आणि उंच ठिकाण, दोन्हीला कमी पिच. वरच्या स्पीडला थोडं कमी पळेल पण जागेवरनं उचलेल. बरोबर बसलाय का ते ओळखायचं असं, टाक्या फुल, माणसं फुल, थ्रॉटल शेवटपर्यंत, आणि मग आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, कंपनीनं दिलेल्या रेंजमध्ये पोचतोय का बघायचं. नाही पोचला तर पंखा जड आहे, म्हणजे पिच जास्त आहे, इंजिनाला शिव्या देऊन उपयोग नाही.

बुधवारी त्यानं ट्रायलला दोन्ही बोटी घेतल्या आणि मला फोनवर डॅशबोर्ड दाखवत बसला. मी इकडं भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंद काटा बघत. टाक्या भरलेल्या, आठ माणसं. ५.३ ला बोट नाक वर करून नुसती फुरफुरत राहिली, १४ सेकंदांनी कुठं समोरचं पाणी दिसायला लागलं, तोवर भाच्याला उभं राहून बघावं लागत होतं पुढं काय आहे. ६.२ ला ८. सहा सेकंदांचा फरक ऐकायला काही नाही, पण तेवढा वेळ चालवणाऱ्याला समोरचं दिसत नाही आणि मागं दोरीला एक माणूस पाण्यात आहे.

खरं सांगायचं तर तळं कमी उंचीवर असतं, घरची चारच माणसं असती आणि नुसतं वेकबोर्डिंग असतं, तर मी ५.३ च घ्यायला सांगितलं असतं आणि उरलेल्या डॉलरचा ट्रेलर चांगला घ्यायला लावला असता.

हे सगळं ऐकून बामणोलीच्या एका बोटवाल्या पोरानं विचारलं, आपल्या बोटीमागं सर्फिंग जमेल का, शिवसागर तर केवढा मोठा. बाबा, आउटबोर्डमागं, म्हणजे बोटीच्या मागं बाहेर टांगलेल्या इंजिनामागं, अजिबात नाही. तुझा पंखा बोटीच्या मागं उघडा फिरतोय आणि सर्फिंगला माणूस दहा फुटांवर असतो, पडला तर पंख्याकडंच. भाच्याच्या वेकबोर्डच्या बोटीला पंखा तळाखाली पुढं असतो म्हणून ते जमतं, आणि तरीसुद्धा मागच्या फळीवर कुणाला बसू देत नाहीत, एक्झॉस्टचा कार्बन मोनॉक्साइड तिथंच साठतो. आणि पेट्रोलचं पण आहे, ती इंजिनं १० टक्के इथेनॉलपर्यंतच चालवायला सांगतात, आपल्या पंपावर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल, त्यातलं काही आपल्याच उसाचं. टाकीत महिनाभर पडून राहिलं की ओल धरतं.

तर ६.२ ठरलं. बोट जूनमध्ये येणार. ताईनं पहिल्या दिवशी नारळ वाढवायचं पक्कं केलंय, आणि मी भाच्याला सांगितलंय की नारळ झाला की टाक्या भर, सगळ्यांना बसव, आणि फुल थ्रॉटलचा आरपीएम मला व्हिडिओवर दाखव. तो आकडा बघितल्याशिवाय दुसरा पंखा ऑर्डर करायचा नाही.