खाऱ्या हवेत चावीचा ग्रामोफोन

चावीचा ग्रामोफोन घ्यायचं मनात असेल तर आधी पितळी कर्ण्याचा मोह सोडा. बाजारात ‘अँटिक’ म्हणून चकाकणारे बहुतेक कर्णेवाले अलीकडेच जुळवलेले असतात. कर्णा नवा, अष्टकोनी पेटी नवी, आत कुठल्यातरी पोर्टेबलची मोटर आणि वर कुत्र्याचं चित्र. टोनआर्मचे, म्हणजे पिनेकडचा आवाज कर्ण्यापर्यंत नेणाऱ्या पोकळ दांड्याचे, सांधे ढिले, त्यामुळे हवा निसटते आणि आवाज किरटा येतो. त्यापेक्षा सुटकेससारखा बंद होणारा पोर्टेबल बघा. १९३१ साली आलेला एचएमव्ही १०२ नवशिक्यासाठी उत्तम. त्याचा कर्णा पेटीच्या पोटातच असतो आणि आवाज घरभर पुरतो.

घेण्याआधी चावी फिरवून बघा. ताण हळूहळू वाढत गेला पाहिजे. कितीही फिरवली तरी चावी सैलच राहिली, तर स्प्रिंग तुटलेली आहे किंवा आकड्यातून सुटली आहे. कोकणात स्प्रिंग तुटण्याचं मुख्य कारण गंज. स्प्रिंग म्हणजे गुंडाळलेली पोलादी पट्टी. तिच्यावर गंजाचा एक बारीक खड्डा पडला की वाकताना सगळा ताण तिथेच येतो.

वाजताना मध्येच ‘धप्प’ आवाज येऊन गाणं हेलकावत असेल, तर स्प्रिंगच्या डब्यातलं ग्रीस सुकलंय. पट्टीचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि झटक्याने सुटतात. मोटर उघडण्याआधी प्लेट फिरू देऊन चावी पूर्ण उतरवा, हे विसरायचं नाही. भरलेली स्प्रिंग बोटं कापते. उतरवल्यावरही ती डब्यातून काढताना जाड हातमोजे हवेत. जुनं ग्रीस रॉकेलने धुवा, पट्टी पूर्ण कोरडी करा आणि ग्रॅफाइट ग्रीस लावा. गव्हर्नरच्या, म्हणजे वेग स्थिर ठेवणाऱ्या भागाच्या, टोकांना मात्र शिलाई मशीनचं तेल, तेही थेंबभरच. त्याच्या चकतीला घासणाऱ्या चामड्याच्या किंवा नमद्याच्या तुकड्यालाही तेल दाखवा, नाहीतर तो कुरकुरतो आणि वेग डळमळतो. वेग तपासायला तबकडीच्या कडेखाली कागदाची चिठ्ठी ठेवा, पिन टेकवा आणि मिनिटाला ७८ फेऱ्या होतात का ते मोजा.

खरा आवाज साउंडबॉक्समध्ये, म्हणजे पिन जिथे बसते त्या गोल डबीत असतो. जुन्या साउंडबॉक्समध्ये अभ्रकाचा पडदा दोन रबरी नळ्यांच्या कड्यांमध्ये धरलेला असतो. रबर कडक झालं की पडदा मोकळा हलत नाही, उंच सूर चरचरतात. सायकलच्या व्हॉल्व्हची नळी इथे छान चालते. टोकाला टोक जेमतेम टेकेल इतकीच कापा. लांब झाली तर फुगून पडदा एका बाजूला रेटते, तोकडी पडली तर फटीतून हवा जाते. मागचे स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. पडद्याच्या मध्यावरच्या स्क्रूभोवती मधमाशीच्या मेणाचा ठिपका असतो, तो गेला असेल तर नवा लावा.

तबकडीची एक बाजू वाजवली की पोलादी पिन बदला. लाखेच्या तबकडीतली खडबडीत भुकटी पिनेला घासून खोबणीच्या आकाराची करते. तीच पिन पुढे वापरली की तिच्या झिजलेल्या कडा खोबण कापतात. बालगंधर्वांची पदं असलेली तबकडी एका पिनेच्या पैशापायी खरवडली गेली तर वाईट वाटणारच. विनाइलची एलपी या यंत्रावर कधीही लावू नका. साउंडबॉक्सच्या वजनाने ती पहिल्याच फेरीत खराब होते.

पावसाळ्यात तबकड्यांवर बुरशी धरते. ऊर्ध्वपातित पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब घालून मऊ कापडाने खोबणीच्या दिशेने पुसा, लेबल भिजू देऊ नका, लगेच कोरडी करा. स्पिरिट बिलकुल नको, लाख त्यात विरघळते. बुरशी गेली तरी तबकड्या उन्हात टाकायच्या नाहीत, त्या वाकतात. उभ्या ठेवा, आडव्या रचू नका.

यंत्राची पेटी भिंतीपासून दूर ठेवा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. पुड्या दमट झाल्या की बदला. जून ते सप्टेंबर पंधरा दिवसांतून एकदा तरी दोन-तीन बाजू वाजवा, म्हणजे ग्रीस पट्टीवर फिरत राहतं. वाजवून झाल्यावर चावी उतरवून ठेवायची.